केसपेपर आणि पेपर

सरकारी किंवा ट्रस्टच्या रुग्णालयात गेलेल्या कुणालाही 'केसपेपर काढणं' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. खिडकीशी रांग लावायची, नाव-गाव-वय सांगायचं, पाच-दहा रुपये द्यायचे आणि तो पातळ कागद हातात घेऊन बाकावर बसून राहायचं. खेड्यातली माणसं हा कागद फार जपतात. रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत, फडताळात देवाच्या फोटोमागे. तीन वर्षांनी पुन्हा येतात तेव्हा तोच कागद पुढे करतात. घड्यांवर फाटलेला असतो, शाई उडालेली असते, पण असतो.

त्याच इमारतीत दोन मजले वर गेलं की 'पेपर' या शब्दाचा अर्थ बदलतो. "मॅडमचे पेपर किती झाले?" "अजून एक पेपर कमी पडतोय, नाहीतर यंदाच प्रोफेसर झाले असते." हा पेपर म्हणजे शोधनिबंध. तो खालच्या केसपेपरांतूनच तयार होतो, पण तयार झाल्यावर त्याची खालच्या मजल्याशी फारशी ओळख राहत नाही. बावीस वर्षं मी अशा एका ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत होतो आणि या दोन कागदांच्या मधल्या जिन्यात ये-जा करत होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही. जे सांगणार आहे ते एकट्या त्याच कॉलेजचं नाही, आणि त्यातला वाईट भाग माझा स्वतःचा आहे.

आपण डॉक्टरांची आत्मचरित्रं आवडीने वाचतो, त्यांवर परीक्षणं लिहितो. पण डॉक्टर रोजच्या रोज जे गद्य लिहितात, शेकड्यांनी लिहितात, त्याकडे गद्य म्हणून कुणी बघत नाही. प्रबंध आणि शोधनिबंध हे लेखन आहे. त्याला निवेदक आहे, वाचक आहे, गाळलेल्या जागा आहेत, आणि त्या जागा कुणी आणि का गाळल्या हा प्रश्नही आहे. तो विचारायला संख्याशास्त्र यावं लागत नाही.

सुरुवात एका चांगल्या नमुन्यापासून करतो. ३ मे १९५२च्या 'लॅन्सेट'मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातून गेलेला एक छोटा निबंध आहे. पहिलं नाव डॉ. वाय. एम. भेंडे यांचं. सोबत देशपांडे आणि भाटिया, आणि लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधले रेस, सँगर, मॉर्गन, वॉटकिन्स. छापील दोन पानांत सगळं संपतं. विषय असा की काही माणसांचं रक्त तपासलं तर 'ओ' गटाचं वाटतं, पण त्यांच्या रक्तद्रवात 'ओ' गटाचं रक्त मिसळलं तरी गुठळ्या होतात. 'ओ' गट म्हणजे सगळ्यांना चालणारा, ही समजूत इथे मोडते. या माणसांच्या तांबड्या पेशींवर एच नावाचं प्रतिजनच नसतं. ते 'ओ'सकट बाकी सगळ्यांच्या पेशींवर असतं, म्हणून त्यांच्या शरीराला सगळ्यांचंच रक्त परकं. आज आपण याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतो. भारतात साधारण १०,०००त एक असं त्याचं प्रमाण सांगितलं जातं आणि अशा दात्यांसाठी आजही व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरतात.

मला त्या निबंधाचं शीर्षक फार आवडतं. त्यात 'नवीन' हा शब्द अवतरणचिन्हांत आहे. जगात पहिल्यांदा काहीतरी सापडलंय, आणि लिहिणारे म्हणतात: आम्हाला नवीन वाटतंय बुवा. रक्त तर त्या माणसांच्या अंगात आधीपासून होतंच. आता गंमत बघा. या शोधाला पुढे शहराचं नाव चिकटलं. रुग्णालय महापालिकेचं, माणसं मुंबईची, आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांत 'बॉम्बे' हा रक्ताचा एक गुण झाला. शहराचं नाव बदललं तरी तो बदलला नाही.

त्याच रुग्णालयातून तीन वर्षं आधी, १९४९मध्ये, रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेवरचा निबंध 'ब्रिटिश हार्ट जर्नल'ला पाठवला होता. उच्च रक्तदाबाचे पन्नास रुग्ण. सर्पगंधा आपल्याकडे वैद्यांना, गारुड्यांना माहीत होतीच. वकिलांनी ती मोजून दिली आणि मोजून लिहिली. १९५७मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. १९५५पासून याच रुग्णालयातल्या शिक्षकांनी स्वतःचं नियतकालिक चालवलं, 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'. इंटरनेट आल्यावर लेखकाकडून पैसे न घेता आणि वाचकालाही फुकट देऊन नियतकालिक कसं चालवता येतं हे त्यांनी बरीच वर्षं करून दाखवलं. आज निबंध छापायला हजारो रुपये मागणाऱ्यांच्या ईमेल रोज येत असताना हे आठवावंसं वाटतं. ("ग्रीटिंग्ज ऑफ द डे, एस्टीम्ड डॉक्टर." माझ्या आयुष्यात मला एस्टीम्ड फक्त यांनीच म्हटलं.)

आता नेहमीचा नमुना. एम.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. त्याला आम्ही थिसिसच म्हणतो. शिवाय नियमाप्रमाणे परिषदेत एक पोस्टर, एक वाचलेला पेपर आणि एक छापलेला, स्वीकारलेला किंवा निदान पाठवलेला पेपर लागत असे, नाहीतर परीक्षेला बसता येत नसे. 'निदान पाठवलेला' या सवलतीवर आख्ख्या पिढ्या डॉक्टर झाल्या. पाठवलेल्याचं पुढे काय झालं हे कोण विचारतो.

अशा थिसिसांची शीर्षकं ओळीने वाचली की एक शब्दप्रयोग भजनातल्या ध्रुपदासारखा येत राहतो: 'इन अ टर्शरी केअर हॉस्पिटल'. गावाचं नाव नसतं. फार तर 'मध्य भारतातील'. ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाबतीत हे शब्द जवळजवळ खोटे आहेत. टर्शरी म्हणजे तिसऱ्या पायरीचं, खालच्या दोन पायऱ्यांवर न सुटलेले आजार जिथे येतात ते. आमच्या ओपीडीत शेजारच्या दहा खेड्यांतली माणसं तापासाठी, खरजेसाठी, गुरानं लाथ मारली म्हणून येत. त्यांच्यासाठी आम्हीच पहिली पायरी होतो, दुसरी आणि तिसरीही. आणि आमचं काही शास्त्रीय मूल्य असेल तर ते नेमकं यातच होतं. दिल्ली-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात आजार गाळून येतो, आमच्याकडे न गाळता येत होता. पण थिसिसचं शीर्षक लिहिताना विद्यार्थी पहिल्यांदा हीच गोष्ट खोडून टाकतो, कारण ग्रामीण म्हणजे कमी दर्जाचं असं त्याला वाटतं. त्याला हे कुणी शिकवलं? आम्हीच.

दुसरं ध्रुपद 'डिस्कशन' नावाच्या प्रकरणात भेटतं. 'आमच्या अभ्यासातले निष्कर्ष अमुक यांच्या निष्कर्षांशी मिळतेजुळते आहेत.' पुढच्या परिच्छेदात तमुक यांच्याशी मिळतेजुळते. सगळं प्रकरण हा जुळण्याचा सोहळा असतो, लग्नाच्या याद्यांसारखा. कुठे जुळलं नाही तर विद्यार्थी घाबरतो, परीक्षक विचारतील म्हणून. मग 'नमुना लहान असल्यामुळे' हे वाक्य येतं आणि सुटका होते. भेंड्यांचा निबंध ज्यातून जन्मला ते सगळं न जुळण्यातून आलं होतं. रक्त कुणाशीच जुळेना. आमच्या पद्धतीने लिहिलं असतं तर तेव्हाही 'तांत्रिक चूक' असं लिहून ती परीक्षानळी धुऊन टाकली असती.

तिसरा शब्दप्रयोग मला सगळ्यात जास्त खटकतो. 'लॉस्ट टू फॉलोअप', म्हणजे जे रुग्ण पुन्हा आले नाहीत ते. मराठीत आपण सरळ 'हरवले' म्हणतो. पण हरवलं कोण? तो माणूस त्याच्या गावात, त्याच्या घरी आहे. त्याला आम्ही हरवलंय. कापसाच्या आणि सोयाबीनच्या मुलखात हे हरवणं ऋतूंप्रमाणे चालतं हे मला माझ्या पाचव्या-सहाव्या विद्यार्थ्याच्या वेळी लक्षात आलं. सोयाबीन काढणीला आली की ओपीडी ओस पडते. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली की बायका संक्रांतीपर्यंत फिरकत नाहीत, कारण वेचणीची मजुरी किलोवर मिळते आणि एक दिवस दवाखान्यात गेला तर तेवढी बुडते, वर एस.टी.चं तिकीट. तीन महिन्यांनी फेरतपासणी असं प्रोटोकॉलमध्ये लिहिताना आम्ही पंचांग पाहिलं नव्हतं. थिसिसमध्ये या सगळ्याची जागा एका रकान्यातला एक आकडा घेतो. त्या आकड्याबद्दल दोन ओळी लिहिल्या असत्या तर त्या उरलेल्या शंभर पानांपेक्षा उपयोगी पडल्या असत्या. औषध किती गुणकारी हे जगात कुठेतरी कुणीतरी मोजलेलंच असतं. वेचणीत कोणती गोळी थांबते हे आम्हीच सांगू शकलो असतो.

या सगळ्या कारभारात एकच मजकूर मराठीत असतो, तो म्हणजे संमतिपत्र. साहित्याच्या वाचकांनी एकदा तरी ते वाचावं. 'सदर संशोधन प्रकल्पाचे स्वरूप, उद्दिष्टे व संभाव्य धोके मला समजेल अशा भाषेत समजावून सांगण्यात आलेले असून...' 'समजेल अशा भाषेत' हे शब्दच समजणार नाहीत अशा भाषेत लिहिलेले असतात. 'यादृच्छिक पद्धतीने गटवारी' असं एका पत्रकात होतं. मी विद्यार्थिनीला म्हटलं, 'चिठ्ठी काढून ठरवू' असं लिही. ती म्हणाली, सर, एथिक्स कमिटीला ते अनसायंटिफिक वाटेल. कमिटीत त्या वेळी मीही होतो. मला काही बोलता आलं नाही.

त्याच अभ्यासातली एक आजी आठवते. अंगठ्याला शाई लावण्याआधी तिने विचारलं, "म्हंजे आमच्यावर शिकून राहिले का जी तुम्ही?" विद्यार्थिनी चांगल्या मनाची होती, घाईत होती. म्हणाली, "नाही आजी, फक्त फॉर्म आहे." आजीने अंगठा दिला. मी दोन टेबलं सोडून बसलो होतो. आजीचा प्रश्न अचूक होता, त्याचं उत्तर 'हो' असं होतं, आणि ते उत्तर ऐकूनही तिने बहुधा अंगठा दिलाच असता. शिकवणाऱ्या रुग्णालयात आपल्यावर कुणीतरी शिकतंय हे लोकांना माहीत असतं. चार पोरं गळ्यात स्टेथोस्कोप घालून एकाच पोटावर हात ठेवतात तेव्हा ते उघडच असतं. त्यांना फसवायची गरजच नसते.

आता सेवाग्रामकडे वळतो. मला या विषयावर लिहावंसं वाटलं ते मुळात एका निबंधामुळे, आणि तो सेवाग्रामचा आहे. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी. खेड्यात, खेड्यासाठी वैद्यकीय महाविद्यालय ही कल्पना. विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यायचं, तिथे शिबिर करून राहायचं. गावकऱ्यांकडून ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन आरोग्यविम्याची योजनाही इथे चालली.

जून २००५मध्ये 'जामा' या अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात सेवाग्रामचा एक अभ्यास आला. मधुकर पै तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथे होते. पहिलं नाव त्यांचं. तेरा लेखकांमध्ये सेवाग्रामचे एस. पी. कलंत्री, रजनीश जोशी आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभागातले सहकारी. प्रश्न साधा. दवाखान्यात काम करणाऱ्या माणसांना क्षयाची लागण किती, आणि ती ओळखायला हातावर सुई टोचून बघायची जुनी चाचणी चांगली की रक्ताची नवी, महागडी? जानेवारी ते मे २००४ या काळात ७२६ जणांच्या दोन्ही चाचण्या झाल्या. वय १८ ते ६१. मध्यक वय २२.

या २२वर मी बराच वेळ थांबलो होतो. मध्यक २२ म्हणजे निम्मे लोक बावीस किंवा त्याखालचे. म्हणजे 'आरोग्य कर्मचारी' या भारदस्त शब्दाखाली बहुतेक पोरंपोरीच आहेत: मेडिकलचे विद्यार्थी, नर्सिंगच्या मुली, इंटर्न. शिकायला आलेले. त्या ७२६पैकी ३६० जणांची, म्हणजे निम्म्यांची, दोन्हीपैकी एक तरी चाचणी पॉझिटिव्ह आली. ज्यांचं वय आणि ज्यांची नोकरीची वर्षं जास्त त्यांच्यात प्रमाण जास्त. लागण म्हणजे आजार नव्हे हे इथे सांगायला हवं. लागण झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी क्षयरोग होतो. पण तरी निम्मे.

शिकवणाऱ्या रुग्णालयाने स्वतःवर केलेलं हे संशोधन आहे. आजीचा प्रश्न इथे उलटा फिरतो. शिकणाऱ्यांनी इथे हात पुढे केलाय आणि वाचणारा त्यांच्यावर शिकतोय. आपल्याच संस्थेच्या भिंतींमध्ये लोकांना लागण होते हे आकड्यांसह छापायला धैर्य लागतं. निबंधाच्या शीर्षकात 'रुरल इंडिया' हे शब्द आहेत, 'टर्शरी' हा नाही. सारांशातही 'ग्रामीण वैद्यकीय विद्यालय' असं स्वच्छ लिहिलंय. बातमी तीच आहे हे लेखकांना कळलं होतं.

दुसरी गोष्ट निकालाची. अपेक्षा अशी होती की आपल्याकडे लहानपणी बीसीजी टोचतात, त्यामुळे जुनी चाचणी फसत असणार आणि नवी बाजी मारणार. ७१ टक्के लोकांच्या दंडावर बीसीजीचा वण होता. पण दोन्ही चाचण्या बऱ्यापैकी जुळल्या, ८१ टक्क्यांच्या आसपास, आणि बीसीजीने फारसा फरक पडला नाही. म्हणजे इथेही जुळलंच. पण थिसिसातलं जुळणं आणि हे जुळणं यांत फरक असा की इथे जुळेल अशी कुणाची अपेक्षा नव्हती. निष्कर्षात लेखक महागड्या चाचणीची भलामण करत नाहीत. कोणती वापरायची ते लोक कोण, हेतू काय आणि पैसा किती यावर ठरवा, असं म्हणून थांबतात. नव्या किटच्या बाजूने एखादं विशेषण टाकायला किती सोपं गेलं असतं.

तक्रार करायची तर ती मांडणीची आहे. आतली गोष्ट दोन आहेत आणि त्यातली मोठी गोष्ट लहान गोष्टीच्या पोटात ठेवलीय. तुलना चाचण्यांची आहे म्हणून तक्ते, आलेख, सहमतीचे गुणांक सगळे चाचण्यांचे. निम्म्या मुलांना लागण आहे हे वाक्य पहिल्या क्रमांकावर येतं खरं, पण येऊन जातं. कुठल्या वॉर्डात, कुठल्या खिडक्या बंद असताना, मास्क कुणाला मिळतो आणि कुणाला नाही, हे या साच्यात मावत नाही. मोठ्या परदेशी नियतकालिकाला चाचणीत रस असतो, कारण चाचणी त्यांच्याकडेही विकली जाते. वर्ध्याच्या वॉर्डातली खिडकी त्यांच्या वाचकाच्या कामाची नाही. याचा दोष लेखकांना देता येत नाही. त्यांनी विषय सोडलाही नाही: २०० हून अधिक, नेमके २१६, विद्यार्थ्यांची अठरा महिन्यांनी पुन्हा तपासणी करून २००६मध्ये दुसरा निबंध आला, आणि त्याच वर्षी रजनीश जोशी आणि सहकाऱ्यांनी गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांमधल्या क्षयाचा मोठा आढावा 'प्लॉस मेडिसिन'मध्ये घेतला. तो कुणालाही फुकट वाचता येतो. नर्सिंगच्या मुलीलाही. इंग्रजी येत असेल तर.

मराठीचा प्रश्न मला टाळता येत नाही. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेऊन ४७ गावांशी तुलना केली आणि ते १९९९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलं. तो निबंध जगभर गेला. पण महाराष्ट्रात बालमृत्यूंवर वादळ उठलं ते 'सर्च' आणि इतर संस्थांनी मिळून २००१मध्ये काढलेल्या 'कोवळी पानगळ' या मराठी अहवालामुळे. नाव बघा. 'नवजात मृत्युदराचे मूल्यमापन' असं नाव असतं तर कुणी उघडला असता का? 'सर्च' ही काही वैद्यकीय महाविद्यालय नव्हे. महाडला हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून १९८६मध्ये 'लॅन्सेट'ला कळवलं, तेही महाविद्यालयातून नाही. बारामतीच्या एका खासगी रुग्णालयातून कीटकनाशकांच्या विषबाधेवर २०० रुग्णांची चाचणी २००६मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. महाविद्यालयाचा फलक नसलेल्या गावांतून एवढं येतं आणि फलक असलेल्या बहुतेक ठिकाणांहून काहीच येत नाही, हे कसं?

काहीच येत नाही ही अतिशयोक्ती नाही. राय, शाह आणि नंदी यांनी २०१६मध्ये देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांचं दहा वर्षांचं, २००५ ते २०१४चं, लेखन 'स्कोपस'मध्ये मोजलं. ३३२ संस्थांच्या नावावर एकही निबंध नव्हता. वर्षाला शंभराहून जास्त छापणाऱ्या संस्था फक्त २५. या आकड्यांनी तेव्हा बरीच खळबळ उडाली. मला त्या मोजणीबद्दल आदर आहे, पण तिच्यातून निघालेल्या सूचनेबद्दल, म्हणजे 'आणखी छापा', याबद्दल शंका आहे. कारण छापायला लावण्याचा प्रयोग आम्ही भोगलाय. सप्टेंबर २०१५मध्ये मेडिकल कौन्सिलने पत्रक काढलं: बढतीसाठी फक्त मूळ संशोधन चालेल, ई-जर्नल चालणार नाही, आणि श्रेय फक्त पहिल्या दोन लेखकांना. मान्य सूचींमध्ये 'इंडेक्स कोपर्निकस' होती, जिच्यात कोण नाही हे शोधावं लागे. आणि जगातली चांगली नियतकालिकं कागद सोडून जात असताना आम्हाला कागदच हवा होता. हेतू चांगला असेल. परिणाम सांगतो.

माझा एक विद्यार्थी होता. सर्पदंशाच्या रुग्णांवर थिसिस. शेतात साप चावल्यापासून आमच्या दारात पोचेपर्यंत किती वेळ गेला, आणि कुठे गेला, हा त्याचा विषय. त्याने काम मनापासून केलं, प्रत्येक नातेवाइकाजवळ बसून तासांचा हिशेब लिहिला. एके संध्याकाळी येऊन म्हणाला, "सर, मांत्रिकाकडे वेळ गेला असं आपण समजत होतो. बरेच जण आधी प्राथमिक आरोग्य केंद्रातच गेलेत, वेळेवर. तिथून सलाईन लावून इकडे पाठवलंय, प्रतिविष न देता." त्याने ते वाक्य डिस्कशनमध्ये लिहिलंही होतं. मी खोडलं. म्हटलं, त्याला आपल्याकडे पुरावा नाही, केंद्रात लस होती की नव्हती आपण कुठे पाहिलं, उगाच वाद होईल. यातलं पहिलं कारण शास्त्रीय होतं आणि शेवटचं खरं होतं. जिल्हा आरोग्य विभागाशी आमचे संबंध चांगले होते. त्या जागी आम्ही लिहिलं की उशिराचं प्रमाण अन्य अभ्यासांशी मिळतंजुळतं आहे.

पुढे त्याच थिसिसचा पेपर झाला. बढतीसाठी पहिली दोनच नावं धरत असल्यामुळे पहिलं नाव विभागप्रमुखांचं लागलं, दुसरं माझं. तो तिसरा. त्याने काही म्हटलं नाही. म्हणायची रीतही नव्हती. मी एकाही रुग्णाच्या नातेवाइकाशी बोललो नव्हतो. निबंध एका छापील त्रैमासिकात आला, आम्ही पैसे भरले, मला बढती मिळाली.

मागच्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. तो आता एका तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात आहे. तिथे सर्पदंशाच्या रुग्णांची नोंदवही नीट ठेवायला लावलीय म्हणाला. वरच्या कार्यालयाला दाखवायला जुना पेपर हवा होता, "सर, तुमच्याकडे पीडीएफ आहे का?" मी शोधलं. त्या त्रैमासिकाचं संकेतस्थळ उघडत नाही. लॅपटॉप दोनदा बदललेला. शेवटी बढतीच्या फाइलमध्ये साक्षांकित छायाप्रत सापडली. चार पानांचे फोटो काढून त्याला व्हॉट्सअ‍ॅप केले. तक्ता क्रमांक ३मध्ये 'पहिला संपर्क' असा रकाना आहे आणि त्यात प्राथमिक आरोग्य केंद्राचा आकडा सगळ्यात मोठा आहे. तो आम्ही खोडला नव्हता. खाली मजकुरात त्याबद्दल एक शब्द नाही.

थोड्या वेळाने त्याचा निरोप आला. तक्ता ३ पुरेसा आहे म्हणाला, आणि विचारलं की थिसिसचा पहिला कच्चा मसुदा, माझ्या लाल पेनाने दुरुस्त केलेला, तो कुठे असेल का. तो मात्र अजून सापडलेला नाही. माळ्यावरचं एक खोकं बघायचं राहिलंय.